शोकगाथा, यशोगाथा आणि मधला शेतकरी

मराठीत शेतकऱ्याविषयी जे लिहिले जाते त्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला शोकगाथेचा. कथा, कविता, कादंबरी आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख यांत तो आढळतो. नापिकी, कर्ज, बाजार, आत्महत्या हे त्याचे विषय. दुसरा यशोगाथेचा. कृषिविषयक दैनिके, मासिके आणि पुरवण्या यांत तो बहरला आहे. एकरी उत्पादन, खर्च वजा जाता राहिलेला नफा आणि पिकाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे छायाचित्र हे त्याचे घटक. तिसरा प्रकार साहित्याच्या वाचकाला सहसा दिसत नाही. तो कृषी विद्यापीठांच्या विस्तार शिक्षण विभागांतील प्रबंधांचा. तेथे शेतकरी हा 'उत्तरदाता' असतो. त्याला प्रश्नावली दिली जाते, उत्तरांना गुण दिले जातात आणि त्याचे ज्ञान 'कमी', 'मध्यम' किंवा 'अधिक' यांपैकी एका रकान्यात जाऊन बसते.

शोकगाथेत शेतकरी सोसतो, यशोगाथेत कमावतो आणि प्रबंधात उत्तरे देतो. तो जाणतो म्हणजे नेमके काय करतो, हे या तिन्ही प्रकारांत जवळजवळ कोठेच येत नाही. ही उणीव केवळ कृषिशास्त्राची नाही. ज्ञानाचे वर्णन भाषेत करावे लागते, आणि भाषेत काय वर्णनीय मानायचे हे ठरविण्यात साहित्याचा आणि समीक्षेचा मोठा वाटा असतो. म्हणून मराठीच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी या प्रश्नात लक्ष घालावे असे आम्हांला वाटते. उदाहरणादाखल आम्ही एक अगदी साधी वस्तू घेतो: कमी खर्चाच्या पॉलिहाऊसमध्ये बिगरहंगामी भाजीपाला घेण्याचे ज्ञान. आणि एक ठिकाण घेतो: जळगाव जामोद.

जळगाव जामोद हा बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोदचे नाव याला जोडले गेले. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा नदी. बुलढाण्याची माणसे आपल्या जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग करतात. हा तालुका घाटाखालचा. डोंगराच्या पायथ्याशी संत्र्याच्या आणि केळीच्या बागा आहेत. तेथून पूर्णेकडे उतरत गेले की खारपाणपट्टा लागतो. तेथील विहिरीचे पाणी पिण्याला नाही आणि पिकालाही बेताचेच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. सातपुडा शिक्षण संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र याच गावी आहे आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही फार दूर नाही. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बुलढाणा जिल्हा होता, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावेही होती. संरक्षित शेतीसाठीचे अनुदान हा त्या प्रकल्पाचा एक भाग होता. म्हणजे शास्त्र, संस्था आणि शासन हे तिघेही येथे पोचलेले आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या भाषेत शेतकऱ्याचे जाणणे किती मावते याचा.

या वस्तूच्या नावांपासूनच सुरुवात करता येईल. शासकीय परिपत्रकात ती 'हरितगृह' असते, शेतकऱ्याच्या तोंडी 'पॉलिहाऊस' किंवा नुसते 'पॉली', आणि योजनेच्या मथळ्यात 'नियंत्रित शेती' वा 'संरक्षित शेती'. नियंत्रण आणि संरक्षण या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. पंखे, ओल्या गाद्या आणि तापमान मोजणारी यंत्रे असलेल्या महागड्या हरितगृहात हवामानावर नियंत्रण असते. बांबूच्या सांगाड्यावर दोनशे मायक्रॉनचा कागद ताणून उभ्या केलेल्या घरात फक्त थोडे संरक्षण मिळते; नियंत्रण करायचे असते ते माणसाने, हाताने आणि अंदाजाने. यंत्र जितके कमी तितके माणसाला अधिक जाणावे लागते. 'कमी खर्चाचे' या विशेषणाचा हा अर्थ खर्चाच्या तक्त्यात कधीच लिहिलेला नसतो.

'बिगरहंगामी' हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. 'हंगाम' फारसीतून आला, 'मोसम' अरबीतून आला; शेतकऱ्याने दोन्ही शब्द नक्षत्रांच्या जुन्या गणनेशेजारी नांदविले. मराठीत हंगामाबाहेरच्या गोष्टींसाठी दोन शब्द आहेत. आभाळ जेव्हा वेळेबाहेर वागते तेव्हा आपण त्याला 'अवकाळी' म्हणतो. माणूस जेव्हा जाणूनबुजून वेळेबाहेर पीक घेतो तेव्हा ते 'बिगरहंगामी'. पहिल्या शब्दात आपत्ती आहे, दुसऱ्यात हिंमत आहे. आपल्या ग्रामीण वाङ्मयात अवकाळीची वर्णने विपुल आढळतात. बिगरहंगामी मात्र बाजारभावाच्या रकान्यातच राहिले.

ही हिंमत कशावर उभी असते ते पाहू. कागदातून ऊन आत येते आणि तापलेली हवा आत अडकते. हिवाळ्याच्या रात्री काकडी-कारल्याला याचाच आधार मिळतो. पण बाजूचे पडदे संध्याकाळी केव्हा सोडायचे आणि सकाळी केव्हा गुंडाळायचे, हे घड्याळ सांगत नाही. उघडायला उशीर झाला तर रात्रभरचा दमटपणा कागदाच्या आतून थेंबाथेंबाने पानांवर ठिबकतो आणि केवडा, करपा यांना वाट मिळते. घाई झाली तर वेलाला गारठा बसतो. पावसाळ्यात हाच कागद टोमॅटोला आणि कोथिंबिरीला पावसाच्या माऱ्यातून वाचवितो. उन्हाळ्यात मात्र घाटाखालच्या उन्हात ते घर भट्टी होते. मग कागदावर चुन्याचा हात मारायचा, वर जाळी ओढायची, की त्या दोन महिन्यांत आत काहीच न लावता माती उन्हात तापू द्यायची, हा निर्णय दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो.

आत वारा नसतो. टोमॅटोच्या फुलात परागण त्याच फुलात होते, पण त्याला हलावे लागते. बाहेर वारा हे काम करतो. आत माणसाला बांधलेल्या दोऱ्यांना हलके धक्के देत ओळीओळीने फिरावे लागते. कारले, दोडके यांना मधमाशी लागते; पण कीड आत येऊ नये म्हणून जी जाळी लावली तीच मधमाशीलाही अडविते. मग परागणाशिवाय फळ धरणारी काकडीची जात निवडायची, की सकाळी उठून नरफूल हाताने मादीफुलावर टेकवायचे, हे ठरवावे लागते. एकाच वाफ्यात तेच पीक पुन:पुन्हा घेतले की मुळांवर गाठी दिसू लागतात. सूत्रकृमींनी घर केलेले असते. कोणत्या महिन्यात वारा कोणीकडून येतो हे ठाऊक नसेल तर वळवाच्या पहिल्या वावटळीत सारा कागद शेजारच्या शेतात जातो.

आणि मग खारपाणपट्ट्याचे स्वतंत्र गणित. उघड्या शेतात पाऊस मातीतले क्षार काही प्रमाणात धुऊन नेतो. कागदाखालच्या मातीवर पाऊस पडतच नाही. खारे पाणी ठिबकने दिले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तीन-चार हंगामांत जमीन पांढुरकी पडू लागते. ज्या कागदाने पीक वाचविले तोच जमीन बिघडवू शकतो. पण त्याच कागदावर पडणारे पाणी गोडे असते. एक हजार चौरस मीटर छतावर वर्षाकाठी सातशे मिलिमीटर पाऊस पडला असे धरले तर ते सात लाख लिटर होते. छताला पन्हळ लावून हे पाणी शेततळ्यात साठविणारा शेतकरी खाऱ्या विहिरीशी तडजोड करण्याचा मार्ग शोधत असतो. ही एका जागेच्या मातीने आणि पाण्याने शिकविलेली गोष्ट आहे. पुणे किंवा नाशिक जिल्ह्यातील शिफारस येथे जशीच्या तशी लावता येत नाही.

आता प्रश्नावलीकडे वळू. विस्तार शिक्षणातील ज्ञानचाचण्यांमागे बहुधा बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा आधार असतो. अध्यापन पदविका घेतलेल्या प्रत्येकाला ते वर्गीकरण पाठ असते: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. यातील 'ज्ञान' ही सर्वांत खालची पायरी. तिचा अर्थ आठवणे किंवा ओळखणे एवढाच. म्हणून प्रश्न येतात ते असे: कागद किती मायक्रॉनचा असावा, दोन रोपांत अंतर किती ठेवावे, खताची शिफारस केलेली मात्रा कोणती. ज्याला आकडा आठवतो त्याला गुण मिळतो. पडदा केव्हा उचलायचा हे सकाळच्या हवेच्या वासावरून ठरविणारा माणूस उपयोजनाच्या आणि मूल्यमापनाच्या पायरीवर उभा असतो; त्याची परीक्षा मात्र पहिल्या पायरीवर घेतली जाते. आणि त्याने आपल्या दमट वाफ्यासाठी रोपांतले अंतर शिफारशीपेक्षा वाढविले असेल, तर विचारपूर्वक केलेला तो बदल चाचणीत चुकीचे उत्तर म्हणून नोंदला जातो.

प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मोजता येईल तेच मोजावे ही त्यांच्या शास्त्राची शिस्त आहे, आणि त्या मोजमापातून प्रशिक्षण कोठे कमी पडते हे कळतेही. हरकत आहे ती निष्कर्षाच्या भाषेला. 'शेतकऱ्यांचे ज्ञान मध्यम आढळले' या वाक्यात खरे पाहता एवढेच सांगितलेले असते की विद्यापीठाच्या शिफारशी शेतकऱ्यांना मध्यम प्रमाणात आठवल्या. वाक्य मात्र त्याहून फार मोठे बोलते. अशी वाक्ये अहवालांत जातात, अहवालांवरून धोरणे ठरतात आणि फाटलेल्या कागदाचे खापर शेवटी 'अपुऱ्या ज्ञानावर' फुटते. शब्दाचा अर्थ किती ताणला गेला आहे हे पाहणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे.

यशोगाथेची अडचण वेगळी आहे. समीक्षेने या प्रकाराकडे वाङ्मयप्रकार म्हणून कधी पाहिले नाही. पाहिले असते तर त्याची बांधणी सहज उलगडली असती. आरंभी पारंपरिक पिकातला तोटा, मग एका योजनेची वा प्रशिक्षणाची भेट, मग पॉलिहाऊस, आणि शेवटी लाखांतले उत्पन्न. पोथीच्या फलश्रुतीशी या बांधणीचे नाते आहे: श्रद्धेने आचरण केले, फळ मिळाले, इतरांनीही करावे. फलश्रुतीत जसे अयशस्वी भक्ताला स्थान नसते तसे यशोगाथेत पहिल्या दोन मोडलेल्या हंगामांना नसते. वास्तविक शिकणे त्या मोडलेल्या हंगामांतच झालेले असते.

यशोगाथेतल्या आकड्यांनाही दुसरी बाजू असते. केंद्र शासनाच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत नैसर्गिक वायुविजनाच्या लोखंडी नळ्यांच्या हरितगृहाचा खर्च लहान आकारासाठी चौरस मीटरला १०६० रुपये धरला होता, लाकडी सांगाड्याचा ५४० आणि बांबूच्या सांगाड्याचा ४५०. त्यावर पन्नास टक्के अनुदान होते. सर्वांत स्वस्त बांबूचे घर दहा गुंठ्यांवर उभारायचे म्हटले तरी त्या दरानेही साडेचार लाखांचा हिशेब होतो आणि त्यातला निम्मा शेतकऱ्याने घालायचा असतो. कोरडवाहू कपाशीच्या शेतकऱ्याला ही रक्कम 'कमी' वाटत नाही. शिवाय कागद तीनएक वर्षांत निकामी होतो आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. म्हणजे शिकण्याची फी येथे फार मोठी आहे. जो आधीच्या अनुभवातून काही शिकून आला आहे, त्याचीच ही फी वाचते. असा अनुभव जळगाव जामोदच्या परिसरात आहे काय? आमच्या मते आहे, आणि तो फार जुना आहे.

अकोट, अंजनगाव सुर्जी, जळगाव जामोद हा सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा पानवेलीच्या आणि पानपिंपरीच्या मळ्यांसाठी ओळखला जात आला आहे. विड्याच्या पानाचा वेल मूळचा आग्नेय आशियातील मानला जातो. सावली, दमट हवा आणि वाऱ्यापासून आडोसा ही त्याची गरज. वऱ्हाडच्या वैशाखात अशी हवा मिळणे अशक्यच. तरीही बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हा वेल येथे जगविला. शेवरी, पांगारा, हादगा यांची झाडे दाटीने लावून त्यांची सावली छाटून-छाटून हवी तेवढीच ठेवायची. मळ्याच्या कडांना गवताचे वा काड्यांचे ताटवे बांधून लू अडवायची. पाणी थोडे पण वारंवार द्यायचे. वेल फार उंच गेला की त्याची उतरण करून तो पुन्हा मातीशी आणायचा. सावली, वारा, ओल आणि उंची या चारही गोष्टी हाताने सांभाळून प्रतिकूल हवेच्या पोटात अनुकूल हवेचे एक घर उभे करायचे, याला पॉलिहाऊसची कल्पना म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. फरक एवढाच की त्याचे छत पानांचे होते.

पानमळ्यात वहाणा घालून शिरू नये असा संकेत ठिकठिकाणी पाळला जातो. त्याला सोवळे म्हणून सोडून देता येईल. पण पानवेलीची मर ही मातीतून पसरणारी आहे हे ध्यानात घेतले, तर एका मळ्याची माती दुसऱ्यात जाऊ नये ही दक्षताही त्या संकेतात वाचता येते. आधुनिक हरितगृहाच्या दाराशी जंतुनाशकात पाय बुडविण्याची सोय करतात, ती याच कारणासाठी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बरई जातीवर प्रकरण आहे. पानवेलीची शेती तेथे येते ती जातीच्या वर्णनाच्या ओघात. शेतीच्या ज्ञानाची नोंद जातीच्या खात्यात पडली की पुढच्या पिढ्या तिला रूढी म्हणतात आणि कृषिशास्त्र तिच्याकडे पाहत नाही. दरम्यान मळे कमी होत गेले, विहिरी खोल गेल्या. ज्या मुलाच्या आजोबाने सावली छाटण्यात आयुष्य घालविले तो मुलगा आज शेडनेटची 'पन्नास टक्के सावली' दुकानातून विकत आणतो, आणि या दोन सावल्यांचे नाते त्याला कोणी सांगितलेले नसते.

याच तालुक्यातील भेंडवळ हे गाव मात्र सर्वांना ठाऊक आहे. अक्षय्य तृतीयेला तेथे घटमांडणी होते. घटाभोवती धान्ये मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्यातील बदलांवरून पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत वर्तवितात. दर वर्षी वार्ताहर आणि कॅमेरे तेथे जमतात. बाजूने आणि विरुद्ध लिहिले जाते. अंधश्रद्धेच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. आमचे निरीक्षण वेगळेच आहे. ज्या तालुक्यात हवामानाला प्रश्न विचारण्याचा एक दिवस बातमी होतो, त्याच तालुक्यात हवामान घडविण्याचे वर्षभराचे काम कोणाच्याही बातमीत येत नाही. शेतकऱ्याच्या ज्ञानात आपल्याला नवल हवे असते, किंवा मग खंडन करण्याजोगी समजूत तरी हवी असते. रोज सकाळी उठून केलेला विचार त्या दोन्हींत बसत नाही.

घाटावर देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा या तालुक्यांत गेलो तर हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसते. जालन्याच्या बियाणे उद्योगाला लागून असलेल्या या भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. टोमॅटोची वा मिरचीची कळी उमलण्याच्या आदल्या दिवशी ओळखून तिचे पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, हे त्यातले मर्माचे काम. कळी एक दिवस आधीची की दोन दिवस आधीची, हे तिच्या रंगावरून आणि फुगीरपणावरून ओळखावे लागते. चुकले तर बी अशुद्ध निघते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. प्रश्नावली भरून घेतली जाते ती बहुधा ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्याकडून. म्हणजे ज्या बोटांना ज्ञान आहे त्यांना प्रश्न विचारला जात नाही, आणि ज्याला विचारला जातो तो बोटांच्या ज्ञानाविषयी ऐकीव उत्तर देतो.

आता साहित्याकडे येऊ. मराठीत शेतकऱ्याला जाणता मानून लिहिण्याची परंपराच नव्हती असे नाही. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. शोषणाचे विदारक वर्णन म्हणून तो आपण शिकवितो. पण त्यात ताली-बंधारे घालून पाणी आणि माती धरावी, शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षण द्यावे, उत्तम पीक काढणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत अशा नेमक्या सूचनाही आहेत. दु:खाचे कारण सांगणारा आणि उपायाची कारागिरी जाणणारा असा एकच लेखक तेथे बोलतो. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) गावाच्या व्यवहाराची शब्दसंपत्ती मोठ्या बारकाईने आली. आनंद यादवांच्या 'गोतावळ्या'त (१९७१) शेतगडी नारबाचे जनावरांशी असलेले नाते येते ते जनावरांच्या जाणत्याचे नाते म्हणूनच. ट्रॅक्टर येतो तेव्हा त्याच्या जाणण्याची किंमत जाते. बुलढाणा जिल्ह्याचेच सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला (२००२) साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला आहे. नोकरी मिळत नाही आणि शेतीत निभाव लागत नाही अशा दुहेरी कोंडीत तो सापडतो. महाविद्यालयीन शिक्षण आणि शेतीचे ज्ञान यांच्यातील तुटलेला पूल हाच त्या कादंबरीचा एक गाभा आहे.

असे असूनही मराठी समीक्षेने या कृतींवर जे लिहिले त्यात वेदना, विद्रोह, वास्तव, बोली, देशीयता या संज्ञा पुन:पुन्हा येतात. 'ज्ञान' ही संज्ञा क्वचितच येते. बोलीचा विचार झाला तो शैलीचे अंग म्हणून. पण शेतीच्या बोलीतील शब्द हे स्थानिक रंग भरण्याचे साधन नसून विचार साठविण्याची पात्रे असतात. 'वाफसा' हा एकच शब्द घ्या. मातीत ओल आहे पण चिखल नाही, हवा खेळते आहे, मूठ वळते पण हाताला लागत नाही, अशा अवस्थेचे ते नाव. ठिबकचे पाणी केव्हा बंद करावे हे पॉलिहाऊसमध्येही शेवटी वाफशावरूनच ठरते. हा शब्द विसरलेल्या माणसाला ती अवस्था ओळखणे अवघड होते, कारण पाहावे काय हेच त्याला कळत नाही. भाषा संचालनालयाने कृषिशास्त्राचा परिभाषा कोश केला; त्यात इंग्रजी संज्ञांना मराठी पर्याय दिले. उलट दिशेचे काम, म्हणजे शेतात असलेल्या मराठी संज्ञांचा अर्थ शास्त्राला समजावून देण्याचे काम, फारसे झालेले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. अशा लेखनातून जुन्या ज्ञानाचे उदात्तीकरण होते. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाही. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. मातीतील क्षार चवीने कळतात, पण किती हे प्रयोगशाळाच सांगते. पानमळ्याच्या अनुभवावर ढोबळी मिरची पिकत नाही. हे सारे आम्हांला मान्य आहे. शेतकऱ्याचे जाणणे प्रयोगशाळेला पर्याय आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रयोगशाळेतल्या ज्ञानाला रुजण्यासाठी जी जमीन लागते ती या जाणण्याची असते, एवढेच आमचे म्हणणे. आणि हे म्हणणे नवे नाही. भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या जमिनीविषयीच्या आणि पेरणी-कापणीच्या वेळांविषयीच्या जाणकारीची मोकळेपणाने वाखाणणी केली. सातपुड्याच्या पलीकडे इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात काम करणारे आल्बर्ट हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि पिकांवरील किडींना आपले प्राध्यापक मानत. परक्या राजवटीतील शास्त्रज्ञांना जे सुचले ते आपल्या विद्यापीठांच्या प्रश्नावलीला सुचू नये, हे खेदाचे आहे.

मग करायचे काय? आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ जण शेतकरी घरांतली असतात. ग्रामीण साहित्यावर ती प्रकल्प लिहितात. त्यांचे विषयही ठरलेले असतात. त्याऐवजी एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या आईच्या शेडनेटमधल्या कामाची शब्दसूची केली तर? कळीच्या वयाची, पानाच्या रोगटपणाची, ओलीच्या पायऱ्यांची, वाऱ्याच्या दिशांची नावे. आणि प्रत्येक नावापुढे ते ऐकून माणूस पुढे काय करतो याची नोंद. एखाद्याने पन्नास यशोगाथा घेऊन त्यांची कथनरचना तपासली तर? एखाद्याने ज्ञानचाचणीतील प्रश्नांची भाषा आणि त्याच विषयावर शेतकरी आपसांत बोलतात ती भाषा समोरासमोर ठेवली तर? या कामाला फार पैसा लागत नाही. मराठी विभाग आणि गावातले कृषी विज्ञान केंद्र यांच्यात एक बैठक व्हावी लागेल, एवढेच.

घाई करण्याचे कारणही आहे, आणि ते जामोदच्या शेजारीच आहे. या तालुक्याच्या डोंगराकाठच्या गावांत निहाली ही भाषा बोलली जाते. जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निश्चित सांगता आलेले नाही. एफ. बी. जे. कॉयपर या डच अभ्यासकाने १९६२ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. आज तिचे भाषक जेमतेम दोन-अडीच हजार मानले जातात. भाषा जाते तेव्हा तिने ओळखलेली झाडे, कंद आणि ऋतूही ओळखेनासे होतात. मराठीला असा धोका नाही असे आपण म्हणतो. पण भाषा एकदम जात नाही. ती एकेका शेतातून, एकेका कामातून माघार घेते. पानमळ्याबरोबर उतरणीचा शब्द जातो, नक्षत्रांबरोबर आगाप आणि मागास पेरणीचे शब्द जातात, आणि त्यांच्या जागी येणारे शब्द औषधाच्या बाटलीवर आणि योजनेच्या अर्जावर छापलेले असतात. ते शब्द वाचता येतात, पण त्यांत भर घालता येत नाही.

पॉलिहाऊस ही बाहेरून आलेली वस्तू आहे आणि ती आपल्या शब्दांसकट आली. शेतकऱ्याने ती वस्तू आपल्या मातीत, आपल्या खाऱ्या पाण्यावर उभी करून घेतली. तिच्याभोवती तो रोज काही नवे शोधतो आणि त्याला मराठीत काही तरी म्हणत असतो. ते काय म्हणतो हे ऐकून लिहून ठेवणे हे मराठीच्या अभ्यासाचे काम आहे. ते झाले तर प्रश्नावलीतले प्रश्न बदलतील, यशोगाथेला तिचे मोडलेले हंगाम परत मिळतील, आणि कादंबरीला कदाचित असा नायक मिळेल, जो सोसतो तर आहेच, पण सोसताना विचारही करतो.